‘अजून’ला इंग्रजीत काय म्हणतात

यतीनला कंपनीनं सहा महिन्यांसाठी म्हणून पोलंडला पाठवलं, त्याला आता सतरा महिने झाले होते. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी दिल्लीजवळच्या मानेसरची कंपनी. तिकडं नवं युनिट निघालं, तेव्हा मशिनं बसवायला इथले चार फिटर गेले. तिघे परतले. यतीनच्या हातात कसब, म्हणून त्याला ठेवून घेतलं.

त्याची बायको राधा हिंगोलीची. तीन वर्षं इथं काढूनही तिचं हिंदी अडखळायचं आणि इंग्रजीच्या नावानं तर आनंदच होता. गेल्या दिवाळीपासून मात्र ती रोज दुपारी वैजयंतीबाईंकडे जाऊ लागली. बाई मूळच्या पुण्याच्या, निवृत्त शिक्षिका. घरच्या घरी बायकांना इंग्रजी शिकवायच्या.

एक दिवस बाईंनी घरच्या कुणाबद्दल तरी एक वाक्य लिहायला सांगितलं. राधानं लिहिलं, ‘माय हजबंड हॅज नॉट कम येट.’

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “‘स्टिल हॅज नॉट कम’ असंही म्हणतात.”

“दोन्हींचा अर्थ अजूनच ना?”

“मराठीत अजूनच. इंग्रजीत जरा फरक आहे. येट म्हणजे आला नाही, पण येईल. स्टिल म्हणजे एव्हाना यायला हवा होता. फार झालं आता.”

राधा वहीकडे बघत राहिली. “मग माझं कुठलं, बाई?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “ते मी कसं सांगू गं?”

रविवारी यतीनचा व्हिडिओ कॉल आला. जेवलीस का, गावी सगळे बरे आहेत का, असं विचारून झाल्यावर तो घुटमळला. “राधा, अजून एक वर्ष वाढवलंय त्यांनी.”

“वाढवणार आहेत, की तुम्ही सही करून बसलात?”

“केली. गुरुवारीच.”

“मला विचारावंसं नाही वाटलं?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“नसते म्हणाले. मी पण येते, असं म्हणाले असते.”

“तू? इथं? अगं, तुला इंग्रजी...”

“अहो, मग ते काय मी भाजीवाल्याशी बोलायला शिकतेय?” तिचा आवाज चढला. “सतरा महिने झाले. तुमच्या अंगाचा वास आठवायचा म्हटलं, तर आठवत नाही आता.”

 आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंच्या शेजारी बसून पासपोर्टचा फॉर्म भरला. ठरल्या तारखेला बस आणि मेट्रोनं एकटीच दिल्लीच्या पासपोर्ट ऑफिसात गेली. काउंटरवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, कशासाठी जायचंय. राधानं इंग्रजीत सांगितलं, “टू लिव्ह विथ माय हजबंड.” चूक झाली की काय म्हणून ती दचकली, पण मुलगी नुसती हसली आणि तिनं शिक्का मारला.

महिन्याभरानं पोस्टमन पासपोर्ट देऊन गेला. तिनं त्याचा फोटो यतीनला पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही.

दहाव्या मिनिटाला फोन आला. मागं मशिनं धडधडत होती.

“इथल्या दोघांबरोबर एका खोलीत राहतो गं मी,” यतीन ओरडून सांगत होता. “दुसरी जागा बघावी लागेल. आज सुटल्यावर बघायला जातो. ऐकतेयस ना?”

ती ऐकत होती. फोन कानाशी घट्ट धरून ती धडधड ऐकत उभी राहिली.