एका नावावर दोघे

इंद्रभान ताटावरून उठला आणि त्याच्या सदऱ्यातून एक भाकर घसरून जमिनीवर पडली.

बाकीची पोरं हात धुवायला मागच्या अंगणात गेली होती. स्वयंपाकघराच्या दारात जनकाबाई वरणाचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं खाली पडलेल्या भाकरीकडं पाहिलं, मग इंद्रभानच्या फुगलेल्या पोटाकडं.

"अजून किती हायेत?"

इंद्रभाननं मान खाली घालून आणखी तीन काढल्या. भाकरीच्या वाफेनं त्याचा सदरा पोटाला चिकटला होता.

"काऊन बे? पोटभर वाढत नाही का मी तुले?"

"माह्यासाठी नाही मावशी. खोलीवर मोतीराम हाय, माहा जोडीदार. त्याच्या घरून पैसेच येत नाहीत. दोन दिवसांपासून फुटाणे खाऊन राह्यला. त्याले म्हटलं, चाल मावशीकडे, तं म्हणते, मले लाज वाटते."

जनकाबाईनं पातेलं खाली ठेवलं. पडलेली भाकर उचलली, पदरानं झटकली आणि चारी भाकरी एका फडक्यात बांधून वर ठेच्याचा गोळा ठेवला.

"सदऱ्यात नोको नेऊ. पोट भाजीन," ती म्हणाली. "अन् कोणाले सांगू नोको. नाहीतं समदेच नेतीन."

हे पासष्ट सालच्या दिवाळीनंतरचं. बुलढाण्यात कॉलेज निघून फार वर्षं झाली नव्हती. खेड्यापाड्यांतली पोरं खोल्या करून राहायची आणि दोन्ही वेळा कुठंतरी जेवायची. जनकाबाईचा नवरा कोर्टात पट्टेवाला होता. तो वारल्यावर तिनं तीन पोरांवर खानावळ सुरू केली, आता बारा झाली होती. दोन खोल्या, एक चूल आणि हाताखाली एकुलती एक मुलगी, चांगुणा.

पोरं जेवताना जे बोलत ते ऐकायला जनकाबाईला आवडायचं. पैसे वाचवण्याच्या त्यांच्या एकेक युक्त्या. पत्र टाकताना तिकिटावर डिंकाचा हात फिरवायचा, म्हणजे शिक्का डिंकावर उमटतो. घरच्यांनी तिकीट पाण्यात धुवायचं आणि उत्तराच्या पाकिटात घालून परत पाठवायचं. एक ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासून तीन महिने चालवायचं. चौघांत मिळून एकच कोट, ज्याला फोटो काढायचा त्यानं घालायचा. एन.सी.सी.च्या परेडीनंतर नाष्टा मिळतो, म्हणून एक पोरगा टोपी बदलून दोनदा रांगेत उभा राहायचा. या सगळ्यात इंद्रभानचं डोकं जास्त चाले. सांगायचाही तोच. जनकाबाई तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "शिका बाप्पा, शिका. तुमच्यासारखी अक्कल आमाले असती तं आमी चुलीपाशी बसलो असतो का?"

त्या वर्षी पाऊस नव्हता. बाजारात ज्वारी दिसेना. रेशनवर तांबडी मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळे, तीही कार्डावर मोजून. पोरांची कार्डं जनकाबाईकडेच असत, पण बारा कार्डांचं धान्य बारांनाच कसंबसं पुरे. मिलोचं पीठ चिकट, भाकर थापताना तुटायची. दोघी मायलेकी हाताला पाणी लावून लावून थापायच्या. आणि त्यातून रोज चार भाकरी फडक्यात जायच्या.

"आई, तू जेवली का?" चांगुणा विचारायची.

"जेवली न व."

"कवा? मी तं पाह्यलं नाही."

"तू पुस्तकात तोंड घालून बसली व्हती तवा."

चांगुणा सातवीत होती. त्या वर्षी फायनलची परीक्षा. शाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, पोरगी पास होणारच. पुढं ट्रेनिंग झालं की मास्तरीण होईल. जनकाबाईच्या भावानं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. त्याला तिनं कसंबसं थांबवलं होतं. भाऊ म्हणाला होता, "फायनल पास झाली तं मी स्थळाचं नाव काढत नाही. नाही झाली तं आखाजीच्या सणानंतर पाहुणे घेऊन येतो. मंग मले अडवू नोको."

चांगुणाला मोतीरामचा राग यायचा. एकदा भाकर उलथताना ती म्हणाली, "त्या तेराव्या पोराले पाह्यलं का तू कधी?"

"लाजते तो."

"खायाले नाही लाजत."

"भुकेल्याले असं बोलू नाही," जनकाबाईनं तिला दटावलं. चांगुणानं पुढची भाकर तव्यावर टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मार्चअखेर जनकाबाईला ताप भरला. पहिले दोन दिवस तिनं अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी ती परातीपाशी बसल्या बसल्या कलंडली. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "बाई, पोटात काय जातं तुमच्या?" दुसऱ्या दिवशी चांगुणाची चार दिवसांची परीक्षा सुरू होणार होती.

खानावळ चार दिवस बंद ठेवायची असं जनकाबाईनं ठरवलं आणि संध्याकाळी पोरांना तसं सांगितलं. पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. मग इंद्रभान तिच्या खाटेपाशी येऊन बसला.

"मावशी, आमचीबी परीक्षा हाय न. पुढल्याच आठवड्यात. या दिवसांत उपाशी कसं वाचावं? अन् मोतीरामचं काय करू मी? आमी तं कुठंबी जाऊन खाऊ. त्याले कोण देते?"

जनकाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. चुलीपाशी चांगुणा बसली होती. शाईची दौत आणि टाक एका पिशवीत घालून तिनं पिशवी खुंटीला अडकवली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"करते मी," चांगुणा म्हणाली.

"अन् पेपर?"

"पुढल्या वर्षी."

जनकाबाईला 'नाही' म्हणायचं होतं. अंगात ताप होता, जीभ कोरडी पडली होती, आणि बाकीची पोरं दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पुढं कितीतरी वर्षं तिला आधी त्या गप्प बसण्याची चीड यायची, मग इंद्रभानची.

चार दिवस चांगुणानं एकटीनं भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाईंनी एका मुलीला विचारायला पाठवलं. चांगुणानं तिला दारातूनच परत लावलं. चारही दिवस मोतीरामचं फडकं वेळेवर गेलं.

एप्रिलात कॉलेजची परीक्षा संपली. पोरं एकेक करून गावी गेली. इंद्रभानही गेला, जाताना पाया पडला. दोन दिवसांनी दुपारी दारात एक माणूस आला. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात हरभऱ्याच्या डाळीची पिशवी. मागं एक उंचापुरा, गुबगुबीत पोरगा अवघडून उभा होता.

"जनकाबाईची खानावळ हेच ना? मी हिंमतराव. नांदुऱ्याकडचा. पोराले न्याले आलो व्हतो. हा म्हणे, एस.टी. चुकते, चाला. म्हटलं, ज्या माउलीनं वर्षभर जेवू घातलं तिले भेटल्याबिगर कसं जावं?" त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. "घरची डाळ हाय. पैसे वेळेवर पोचले ना तुमाले? मी दर महिन्याच्या एक तारखेले याच्या नावानं मनीऑर्डर करतच व्हतो, खानावळीची."

"पोराचं नाव काय?" जनकाबाईनं विचारलं.

हिंमतराव हसला. "घ्या! मोतीराम न हो. वळखलं नाही?"

जनकाबाईनं त्या पोराकडं पाहिलं. त्याचे गाल वर आलेले होते. मनगटावर नवं घड्याळ होतं, आणि तो हात तो हळूहळू पाठीमागं नेत होता.

तिला क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि दार लावून घ्यावं. बापाचा चेहरा साधा होता. पण आत तव्यावर भाकर पडल्याचा आवाज आला आणि ती थांबली.

"तुमच्या पोराचं नाव माह्या खानावळीत नाही, भाऊ," ती म्हणाली. "त्याले मी आज पाह्यलं. भाकर मात्र माहीच खाल्ली त्यानं. रोजच्या चार. घरून पैसे येत नाहीत म्हणून."

तिनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. हिंमतराव ऐकत राहिला. मग पोराकडं वळून त्यानं एवढंच विचारलं, "पैशाचं काय केलं?"

"सगळेच करतात, बाबा," मोतीराम पुटपुटला. "एका नावावर दोघं जेवतात. इंद्रभान म्हणे, म्हातारी भोळी हाय... निम्मे त्याले देत व्हतो."

हिंमतरावानं त्याच्या कानशिलात मारली. मग पोराच्या मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर डाळीच्या पिशवीजवळ ठेवलं.

"ते उचला," जनकाबाई म्हणाली. "मले घड्याळ काय करायचं?"

"मंग पैसे सांगा, बाई. किती व्हते ते सांगा. मी कोणाचं ठेवणारा माणूस नाही."

"ज्वारीचे द्या."

"अन् बाकी?"

"बाकीचं तुमच्याकून नाही व्हत."

त्याला ते कळलं नाही. त्यानं कोपरीच्या खिशातून नोटा काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिनं त्या घेतल्या आणि कमरेला खोचल्या. नको म्हणण्याइतकी ती श्रीमंत नव्हती. हिंमतरावाला तसं निघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं आत डोकावून विचारलं, "पोरगी शिकते का?"

आखाजी आठ दिवसांवर होती. पाहुणे घेऊन येतो असं भावाचं पत्र येऊन पडलं होतं.

चांगुणा चुलीपाशीच बसून होती. तिनं मान वळवून मोतीरामकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

"पेपर कसे गेले?" तिनं विचारलं.

मोतीराम गाल चोळत होता. त्याला वाटलं होतं, आता शिव्या येणार. प्रश्न ऐकून तो गोंधळला.

"बरे गेले," तो म्हणाला. "पास होईन."

चांगुणानं मान डोलावली आणि तव्यावरची भाकर काढून विस्तवाला लावली. ती टम्म फुगली. चांगुणानं ती हातानंच उचलून टोपलीत टाकली आणि पुढचा गोळा घेतला.