बाबांनी बुजवलेली गोलाई

खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन भिंगरी मागच्या फाटकातून आत शिरली आणि खिळल्यासारखी उभी राहिली.

अंगणात तिचा स्केटबोर्डचा रॅम्प तयार होता. सकाळी ती निघाली तेव्हा नुसता सांगाडा होता. आता वर प्लाय बसवलेला, कडा घासून गुळगुळीत, एकूणएक स्क्रूचं डोकं लाकडात असं बुडवलेलं की बोट फिरवलं तरी लागू नये. आणि उतार? पट्टी ठेवून रेघ मारावी तसा सरळसोट.

नळापाशी बाबा हात धूत होते. मांजरानं उंदीर मारून पायाशी आणून टाकावा आणि कौतुकाची वाट बघावी, तसं तोंड.

"बघतेस काय? करून टाकलं पूर्ण. दोन्ही बाजूंच्या फळ्या पोटात आत गेल्या होत्या तुझ्या. म्हटलं, पोरीचा हात घसरला असेल. तुकडे जोडून भरून काढलं सगळं. आणि तो प्लाय कुठल्या गाढवानं ओल्या पोत्याखाली ठेवला होता गं? पार बाक आला होता त्याला. उलटा करून दाबला, तेव्हा कुठे वठणीवर आला."

ते गाढव तिथंच उभं होतं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बूड टेकत नाही म्हणून पडलेलं. शाळा मधूनच सोडली, शिवणक्लास बाही लावण्याआधी सोडला, मोबाइल दुरुस्ती शिकायला गेली तर मालकाशीच भांडून आली. घरात कुठलीही वस्तू अर्धवट दिसली की भिंगरीची असणार, हे ठरलेलं. मग ती अर्धी खाल्लेली काकडी का असेना. म्हणून तिनं मनाशी गाठ मारली होती, की हा रॅम्प शेवटपर्यंत न्यायचा, आणि स्वतःच्या हातानं न्यायचा. कुणाचा खिळासुद्धा नको.

लाकूड तिनं मोडीत निघालेल्या एका दुकानातून आणलं. त्याच्या बदल्यात दुकानाचं सगळं भंगार उपसून दिलं, नाकातोंडात धूळ जाईपर्यंत. गोलाई काढायला आधी सुतळी वापरली. पण सुतळी ताणली जाते, गोलाचं अंडं होतं. मग लांब लाकडी पट्टी घेतली, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला भोक पाडून पेन्सिल. खिळा जमिनीत रोवायचा आणि पट्टी फिरवायची. अशी काढली ती रेघ, अशी कापली ती फळी. आणि प्लाय भिजवला कारण कोरडा प्लाय वाकवला की कडकन तोंड उघडतो. विटांवर आडवा टाकून, बाक यावा म्हणून मध्ये दगड आणि वर पोतं ठेवलं होतं. रोज पाणी घालायची. तुळशीलासुद्धा कुणी एवढं घालत नसेल.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "हत्तीसाठी घसरगुंडी का गं?"

बाबांनी मात्र एकदाही विचारलं नाही. ते सुतार. आठवडाभर लोकांची दारं-खिडक्या बसवायचे. स्वतःच्या घराचं मागचं दार कित्येक वर्षं वीट लावून बंद करावं लागत होतं, ते दिसायचं नाही. आणि आज सुट्टीच्या दिवशी त्यांच्या अंगात नेमकं घरकाम संचारलं.

"मी जाताना काय सांगून गेले होते?" भिंगरीनं रॅम्पच्या वरच्या कडेला लावायला आणलेला पाइप जमिनीवर आपटला. "माझ्या सामानाला हात लावू नका म्हटलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

"अगं, मग चूक दिसली तरी तशीच ठेवायची? उद्या तुझी मित्रमंडळी येणार, हसणार. सुताराच्या पोरीचं काम आणि हे असलं वाकडंतिकडं!"

"वाकडं नव्हतं ते! गोल होतं! मी गोल केलं होतं!"

"उताराला गोल कशाला? मी गोदामांना किती उतार बनवलेत. हातगाड्या चढतात त्यावरून."

तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगरी घरात गेली, बोर्ड घेऊन आली, जमिनीवर ठेवला आणि सगळा जीव एकवटून रॅम्पकडे ढकलला.

जमीन संपून उतार सुरू होतो त्या कोपऱ्यात पुढची चाकं धाडकन आपटली. बोर्ड जागच्या जागी उभा राहिला, उलटला आणि परत येऊन बाबांच्या नडगीवर बसला.

"आई गं!"

"त्याच्यावर मी असते तर? माझे दात वेचत बसला असतात अंगणात. चाकाला कोपरा चालत नाही. जमीन कुठे संपली ते चाकाला कळताच कामा नये, म्हणून गोल."

बाबा एका पायावर नाचत होते. दुखलं होतं आणि अपमानही झाला होता, आणि असं झालं की ते नेहमी एकच करायचे.

"सकाळपासून राबलो त्याचं हे बक्षीस! टाक सोडून मग. नाहीतरी सोडणारच होतीस. आजवर कुठली गोष्ट धरलीस शेवटपर्यंत?"

आई दारात आली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

भिंगरीनं खोक्यातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि रॅम्पसमोर मांडी घातली. एकेक स्क्रू काढायला लागली. इतके खोल आणि इतके घट्ट होते की तळहात सोलून निघाला. प्रत्येक स्क्रू ती डब्यात फेकत होती, डब्याचा आवाज बाबांच्या कानात जाईल असा.

काकू उगवल्याच. "अगं, आता तर छान दिसतंय की! मोडतेस कशाला?"

"काकू, तुमचं दूध उतू जातंय."

"आज दूध आणलंच नाही."

"मग आणायला जा."

प्लाय निघाला. आडव्या पट्ट्या निघाल्या. बाजूच्या फळ्या उघड्या पडल्या आणि तिथं मात्र भिंगरीचा हात थांबला. तिची गोलाई कुठे संपते आणि बाबांचा तुकडा कुठे सुरू होतो, ते दिसतच नव्हतं. सांध्यात ग्लू, आतून पट्टी, स्क्रूंच्या डोक्यांवर पुट्टी आणि वरून पॉलिश पेपर. या घरात बाबांनी केलेलं हे सगळ्यात सुंदर काम होतं. त्यामुळं तिला आणखीनच संताप आला. दाराला वीट, आणि तिच्या रॅम्पला हे!

तिनं खिळा रोवला, पट्टी फिरवली, तीच रेघ पुन्हा मारली. वळणावर लाकूड कापणारं जिगसॉ मशीन लावलं. हातभर गेलं असेल नसेल तोच पातं स्क्रूवर आदळून तुटलं. दुसरं घातलं. तेही तुटलं. आता एकच उरलं होतं.

बाबा पायरीवर बसून नडगी चोळत होते. बघत होते. भिंगरीला माहीत होतं, स्क्रू कुठे आहेत ते जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. विचारण्यापेक्षा तिनं दातांनी लाकूड कुरतडलं असतं. पण आज कुरतडूनही भागणार नव्हतं. ग्लू उद्यापर्यंत दगड झाला असता.

"स्क्रू कुठे कुठे मारलेत?" ती मान वर न करता म्हणाली.

बाबा लंगडत आले. सवयीनं हात मशीनकडे गेला. "आण इकडे, मी..."

"हात नाही लावायचा!" ती इतक्या जोरात ओरडली की भिंतीपलीकडे काकूंचं भांडं पडलं. "नुसतं दाखवा."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच गुळगुळीत कामावर फुल्या मारायला सुरुवात केली. एक इथं, एक तिथं. न चाचपडता. प्रत्येक फुलीला ओठ आवळले जात होते. भिंगरीनं पुट्टी खरवडली, स्क्रू बाहेर काढले आणि मशीन पुन्हा रेघेवर ठेवलं. या वेळी पातं सलग गेलं. बाबांचा तुकडा सुटून खाली पडला. मग दुसऱ्या फळीचा.

बाबांनी वाकून फळ्या पाहिल्या. एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. दोन्ही एकमेकींना लावून पाहिल्या. मधून कुठेही उजेड दिसला नाही.

"बरोबर आलंय," ते पुटपुटले.

"बरोबरच होतं. सकाळीही."

त्यांनी फळ्या खाली ठेवल्या. आणि तिथंच उभे राहिले. भिंगरीनं प्लाय ओढत नेला, विटांवर टाकला, वर पोतं पसरलं. तळहाताची आग होत होती आणि डोक्यातली अजून गेली नव्हती.

"रिकामे उभे आहात ना?" तिनं नळाकडे बोट केलं. "बादली भरा. पाणी घाला त्याच्यावर."

"प्लायवर? मी?"

"मग काय काकूंना बोलावू?"

ज्या माणसानं उभ्या जन्मात प्लायला दव लागू दिलं नव्हतं, त्यानं बादली भरली. तोंड असं केलं जणू पोटच्या पोराला बुडवायला निघालाय, आणि चूळभर पाणी पोत्यावर शिंपडलं.

"अजून," भिंगरी म्हणाली.