वाढत्या अंगाचे गणवेश

टेलरबाईच्या हाताला एक खोड होती. लहान मुलांचे कपडे बेताचे शिवणं तिला जमतच नसे. फ्रॉक असो की पँट, खाली चार बोटं जादा कापड आत दुमडून माया ठेवायची आणि मूल उंच झालं की ती उसवून द्यायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "बाई, एवढं कापड कशाला लावता?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "वाढत्या अंगाचं लेकरू ते. त्याला काय फ्रॉकाएवढंच राहा म्हणून सांगू?"

तिची स्वतःची लेक मिठू त्या मोठ्या खाजगी शाळेत जात होती, ती केवळ सरकारच्या कृपेने. पोटासाठी परक्या मुलखातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांची फी सरकार भरत असे. अट एवढीच, की अशा मुलांची ठरलेली संख्या शाळेत भरली पाहिजे. एक मूल जरी कमी झालं तरी सगळ्यांचंच अनुदान बंद, आणि मग फी आईबापांच्या गळ्यात. ती फी म्हणजे टेलरबाईने मशीन आणि नवऱ्याने किडनी विकली तरी अर्ध्या वर्षाची भरली नसती. हा हिशेब नवऱ्याचाच. तो गोदामात ओझी उचलायचा आणि घरी आल्यावर असले विनोद करायचा.

आता अशी कुटुंबं काही एका जागी मुळं धरून राहत नाहीत. कुणाचा परवाना संपतो, कुणाचं काम सुटतं, आणि एका सकाळी खोलीला कुलूप दिसतं. भिंगरीच्या खोलीला असंच दिसलं. भिंगरी म्हणजे मिठूची जिवाभावाची मैत्रीण, दोन मिनिटं एका जागी न ठरणारी. तिची आई टेलरबाईकडे सुया उसन्या न्यायची आणि कधी परत करायची नाही. ती माणसं गेली कुठे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी टेलरबाईला बोलावून घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, पण आवाज मावशीसारखा.

"भिंगरीच्या मापाचा एक गणवेश शिवून द्या. आणखी जी गेलीत, त्यांचेही."

"पण बाई, मुलंच नाहीत तर..."

"तपासनीस येतो तो खेळाच्या तासाला. मुलं खेळाच्या कपड्यांत मैदानावर, गणवेश वर्गात खुंटीला. तो खुंट्या मोजतो आणि चहा घेऊन जातो. गेलेल्यांच्या खुंट्या रिकाम्या दिसल्या तर राहिलेल्यांचं काय होईल, सांगा मला. तुमच्या मिठूचं काय होईल?"

बाई वाईट असत्या तर टेलरबाईला नाही म्हणता आलं असतं. तिने मान डोलावली.

"कसेही शिवा," बाई म्हणाल्या. "नुसते टांगायचेत."

पण कसंही शिवणारा हात तिचा नव्हता. तिने प्रत्येक गणवेशाला चार बोटं माया ठेवली. नसलेल्या अंगाला वाढायला जागा करून दिली, आणि हे आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या तपासणीआधी शाळेचे शिपाईमामा गाठोडं घेऊन दुकानात आले. वरच भिंगरीचा फ्रॉक होता.

"खुंटीवर आखूड दिसतोय म्हणतात बाई. माया असेल तर उघडून द्या."

"न धुता आखूड कसा होईल, मामा?"

"मला विचारू नका. शाळा सुटली की वर्गाची किल्ली माझ्या कमरेला असते, आणि मी काही फ्रॉक घालत नाही."

तिने फ्रॉक उलटा केला. काखेतली शिवण ताणून विरली होती. कॉलरच्या आत मळाची रेघ होती. खिशात पेन्सिलीची साल निघाली, ताजी, अजून वास येणारी. टेलरबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तिने टाके उसवले, कारण मामा समोर उभे होते आणि काम ते काम.

घरी येऊन मात्र तिने मिठूला समोर उभं करून गळ्यातली टेप काढली. आपल्याच पोरीचं माप घ्यायचं तिला इतके दिवस सुचलं नव्हतं. फ्रॉकाची माया शिवली होती तशीच होती. शाळेत घातल्यापासून मिठूची उंची रेघभरही सरकली नव्हती.

"डबा खातेस ना गं सगळा?"

"अर्धा भिंगरीला देते."

"भिंगरी कुठंय आता?"

"मागे बसते की. खुंटीखाली." मिठूला प्रश्नच वेडगळ वाटला. "तिला कुणी काही देत नाही, म्हणून मी सगळ्यातलं अर्धं देते."

आठवड्याभरात मिठूच्या पायातले बूट सैल झाले. नवरा म्हणाला, "बूट सैलावलेत." टेलरबाई म्हणाली, "हो." पण बूट सैलावले नव्हते, पाय आटला होता, हे तिला कळत होतं, आणि तिला भयंकर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली, थेट खुंट्यांपाशी. ओच्यात कात्री होती. भिंगरीच्या फ्रॉकाला आणखी दोन बोटं माया उरली होती. ती कापून टाकली की भिंगरीचं वाढणं थांबेल आणि मिठूचं आटणंही, हे कुणी न सांगता तिला उमगलं होतं. तिने कापड चिमटीत धरलं. ते उबदार होतं. मग तिला सुया बुडवणारी ती बाई आठवली. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत ती असेल, आणि तिच्या लेकीचं काय झालं असेल? परक्याच्या लेकराची वाढ कापायला कात्री काही केल्या मिटेना.

मग तिने दुसरा मार्ग धरला. तिने मिठूचं बखोट धरलं आणि तशीच मोठ्या बाईंसमोर उभी राहिली.

"माझी पोर मी काढून नेते. फी नको, शाळा नको."

बाईंनी भांडण केलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले फक्त. "न्या. तिचं नाव मात्र मी काढणार नाही, बाकीच्यांसाठी. गणवेश तेवढा ठेवून जा, तो सरकारी आहे."

टेलरबाईने लेक पदरात गुंडाळून उचलली आणि गणवेश खुंटीला अडकवून सुटल्यासारखी बाहेर पडली. घाईत त्यातली चार बोटं माया तशीच मागे राहिली, ते तिच्या लक्षात आलं नाही.

मिठू आता दुकानात मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळे. सरकारी शाळेत तिला घालायचं म्हणून टेलरबाई दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तिथल्या कारकुनाने मिठूकडे बघून सांगितलं, "लहान आहे हो. पुढच्या वर्षी आणा." नवऱ्याचे विनोद बंद झाले होते.

मग पुन्हा तपासणी आली, आणि शिपाईमामा गाठोडं घेऊन आले. ते मिठूकडे बघायचं टाळत होते.

वरचा फ्रॉक मिठूचा, टेलरबाईने एका नजरेत ओळखला. कॉलरचा टाका तिचा स्वतःचा. काखेत शिवण ताणली होती. खिशात घडी केलेला कागद होता, त्यावर वळणदार अक्षरात कविता उतरवलेली. असं अक्षर आपल्या पोरीचं व्हावं म्हणून तर ती त्या शाळेचा उंबरठा चढली होती.

तिने कात्री उचलली. ही तर आपलीच पोर, इथे कुणाची आई आडवी येणार नव्हती. चार बोटं कापड, एक घाव, की मिठू वाढायला लागेल. मग तिची नजर पुन्हा त्या अक्षरांवर गेली. नक्की कुणाला कापायचं होतं?

मिठू मशीनखालून रांगत बाहेर आली आणि आईच्या गुडघ्याला बिलगली. ती आता गुडघ्यापर्यंतच पुरत होती. तिने फ्रॉकाची कड ओळखीने हातात घेतली.

"उघड ना गं आई," ती म्हणाली. "तिथे माझे गुडघे उघडे पडतात. सगळी हसतात मला."

मामा दारात पाठ करून उभे होते. टेलरबाईचे डोळे इतके भरून आले, की सुई दिसेना. आयुष्यात तिने कुठल्या लेकराला आखूड कपड्यात पाठवलं नव्हतं. तिने कात्री खाली ठेवली, फ्रॉक मांडीवर उलटा घेतला आणि टाके उसवू लागली.