जाईच्या सात कुंड्या

दिवाकररावांनी बत्तीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासले होते. शंका आली की तपासणीच्या ट्रॉलीवरून उतरायचं, वाकायचं, हातोडी मारून पाहायचं. निवृत्त झाले तरी हाताची ती खोड काही गेली नाही. आता रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या मागच्या ओट्यावर सात कुंड्या होत्या, आणि त्यांचा सगळा जीव त्या सातांत अडकला होता.

झालं असं, की शांताबाईंचं ऑपरेशन नागपूरला झालं आणि त्या दीड महिना आरामासाठी तिथेच लेकीकडे राहिल्या. दिवाकरराव एकटे परतले तर दारात महापालिकेची भिंत पाडायची नोटीस. रायपूर राजधानी झाल्यापासून रस्ते फुगतच चालले होते, त्यात यांची समोरची भिंत गेली. भिंतीवरची जाईही गेली. शांताबाईंनी एकवीस वर्षांपूर्वी लावलेली ती जाई. महालक्ष्म्यांच्या वेण्या दरवर्षी तिच्याच फुलांच्या व्हायच्या.

शेजारी भाड्यानं राहणारी रूपाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. भिंत पडायच्या आदल्या दिवशी तिनं पेन्सिलीएवढ्या सात फांद्या छाटल्या आणि पांढऱ्या भुकटीची डबी आणली.

"काकाजी, हे मुळं फुटायचं हार्मोन आहे. खालचं टोक ओलं करून इतकुसं लावायचं अन् झटकायचं. जादा झालं तर फांदी जळते. मग वाळूत लावलं की महिनाभर हात नाही लावायचा, पक्का?"

"हव," दिवाकरराव म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच बोलत होते.

रोज संध्याकाळी नागपूरहून फोन यायचा. "जाई कशी आहे हो?"

"मस्त. बहरून राहिली." डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांच्या जिवाला घोर लावू नका. फोन ठेवला की ते ओट्यावर कुंड्यांपाशी जाऊन बसायचे.

चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. एकच फांदी, हळूच उपटली. खाली काही नाही. भुकटी तेवढी वाळूत झडून गेलेली. मग त्यांनी टोक पुन्हा डबीत बुडवलं आणि या खेपेला जरा सढळ हातानं. पाचव्या दिवशी दुसरी, सहाव्या दिवशी तिसरी. कुंड्यांवर रंगानं नंबर टाकले, पाळ्या लावल्या. तीन नंबरच्या टोकाला पांढरी गाठ दिसली तेव्हा ते आनंदानं वेडे झाले, आणि परत खोचताना ती गाठच खरवडली गेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आठवड्याभरात तीन नंबर काळा पडला. पाठोपाठ दोन, पाच, एक, मग चार आणि सहा. महिना होईतो एकटा सात नंबर हिरवा उरला.

आणि शांताबाई पाच दिवस आधीच येऊन थडकल्या.

उघड्या पडलेल्या अंगणाकडे त्यांनी पाहिलं, मग ओट्याकडे. सहा काळ्या काड्या. प्रत्येकीभोवतीची वाळू उकरलेली.

"रोज उपटून पाहत होते न?"

दिवाकररावांना तोंड वर करवेना. "भिंत पाडली त्यायनं. तुले सांगाची हिंमत नाही झाली. वाचवतो म्हटलं, तं मीच मारली."

"मले माहीत होतं. रूपालीनं पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं."

"मंग रोज काहून विचारत होती?"

शांताबाई खाटेवर टेकल्या. "मस्त म्हणतानी तुमचा आवाज कापे. वाटे, एकटे आहेत, जेवले का नाही, आज तरी खरं बोलतीन. म्हणजे मीबी तुमाले रोज उपटूनच पाहत होती."

दिवाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. डबी उचलून सरळ रूपालीला देऊन आले.

सात नंबरची कुंडी शांताबाईंच्या खाटेपाशी आली. बाराव्या दिवशी पानाच्या बगलेत हिरवा ठिपका दिसला. खाली मूळ आहे, की फांदी नुसती अंगातल्या ओलीवर तग धरून आहे, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. दिवाकररावांचा हात आपसूक पुढे गेला.

शांताबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो हात धरला आणि धरूनच ठेवला.