दावं घरीच राहिलं

मी सुदर्शनचा लॅपटॉप बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. खरं तर घरी आलो त्या दिवसापासून माझ्या तोंडातून आवाज फुटलेला नाही. सध्या मी जुन्नरच्या पेठेत, तहरीमच्या दुरुस्तीच्या दुकानात एका फळीवर बसलोय. अंगात थोडी बॅटरी उरली आहे. ती आहे तोवर माझी हकिगत सांगून टाकतो.

आमची जात स्वस्तातली. अंग प्लास्टिकचं, पडद्याची कड जाड, आणि चालू व्हायला एवढा वेळ की तेवढ्यात चुलीवरचा चहा उकळून खाली उतरायचा. खोक्यावरचं चित्र मात्र भलतंच रुबाबदार होतं. ते पाहूनच सुदर्शन भुलला असं मला आजही वाटतं.

सुदर्शनचं घर खोडदला. अंगणातून आभाळातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या दिसतात. तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला लॅपटॉप हवाच होता. त्याच्या वडिलांच्या, धर्माजींच्या दावणीला हौश्या नावाचा एकच बैल उरला होता. जोडीदार आधीच गेलेला, रान ट्रॅक्टरने नांगरायचं, हौश्या दिवसभर रवंथ करत बसून. धर्माजींनी त्याला बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकला आणि त्याच आठवड्यात मी घरी आलो.

तिकडे एक रीत आहे. बैल विकला तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपला दोर घेऊन येतो आणि देणारा आपलं दावं सोडून परत आणतो. हौश्याचं दावं धर्माजींनी ओसरीच्या खुंटीला अडकवलं होतं. माझं खोकं उघडलं ते नेमकं त्या खुंटीखाली.

सुदर्शन मोबाइल आणायला आत गेला, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं.

नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, हे साळुबाईंचं काम. त्या सुदर्शनच्या आई. तांब्या, ताट घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"अवं, ह्याचं पाय कुठं हायेत?"

धर्माजींनी मला उचललं आणि उलटं केलं. खाली चार कोपऱ्यांना रबराच्या चार गोळ्या होत्या. "हे काय, चार पाय हायेत की! घाल पाणी."

साळुबाईंनी मनापासून पाणी घातलं. आता त्यांना काय ठाऊक, की आमच्या जातीचं तोंड पायापाशीच असतं! आवाज बाहेर यायच्या बारीक फटी त्या गोळ्यांच्या शेजारीच होत्या. पाणी सरळ आत गेलं, वर कुंकवाची दोन बोटं. सुदर्शन ओरडत बाहेर आला, मला टॉवेलने पुसलं, उन्हात ठेवलं, साळुबाईंनी तर तांदळाच्या डब्यातही घालून ठेवलं. मी चालू झालो. सगळं ठीक होतं, फक्त माझा आवाज गेला तो गेलाच. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मला त्यांचा राग कधीच आला नाही. एवढ्या मायेने कुठल्या लॅपटॉपचं स्वागत झालं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनने मला अंगणात बाजेवर ठेवलं. "नवा लॅपटॉप, माझं पहिलं मत" असा व्हिडिओ करून टाकायचा त्याचा बेत होता. माझा कॅमेरा कसा आहे तेही दिसावं म्हणून त्याने माझ्याच कॅमेऱ्याने चित्रण सुरू केलं. समोर बसून केस नीट केले आणि सुरुवात केली, "राम राम मंडळी. तर हा आपला नवीन लॅपटॉप. बजेटमधला आहे..."

पुढे काही बोलणार, तर मागून धर्माजी आले. खांद्यावर टॉवेल, डोक्याला टोपी. बेल्ह्याच्या बाजारात जनावर पारखावं तसे ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. मग खाली वाकून बटणं न्याहाळली.

"दात लई हायेत राव ह्याला. आन् एक बी झिजल्याला न्हाई."

"आबा, व्हिडिओ चाललाय."

"चालू दे की. मी कुठं अडीवलंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आंग गरम लागतंय. धापा बी टाकतोय. अशक्त हाय का रं?"

"पंखा आहे तो आबा, आतला."

धर्माजींनी चार्जरची वायर हातात घेतली, जरा ओढून पाहिली, आणि खांद्यावरचा टॉवेल सुदर्शनच्या हातावर टाकून खालून त्याची बोटं दाबली. बाजारात भाव असाच विचारतात, बाकीच्यांना कळू नये म्हणून. सुदर्शनला हसू आवरेना. हसत हसतच त्याने विचारलं, "आबा, खरं सांगा. हौश्या बरा का हा बरा?"

धर्माजींनी तोंड खुंटीकडे वळवलं आणि काहीतरी उत्तर दिलं. सुदर्शनचं लक्ष तेव्हा पडद्यावरच्या स्वतःच्या केसांकडे होतं. पण मी ते ऐकलं. शब्द न शब्द आत जपून ठेवला.

चित्रण संपल्यावर सुदर्शनने ते लावून पाहिलं, तर चित्र दिसतंय आणि आवाज नाही. "माइक खराब आहे ह्याचा," तो चिडून म्हणाला. माझे कान शाबूत होते, गेलं होतं ते तोंड. पण ते मी कसं सांगणार? व्हिडिओ एका कोपऱ्यात पडून राहिला. गाणी, फोन, सगळं सुदर्शन मोबाइलवरच ऐकायचा, म्हणून माझं तोंड गेलंय हे त्याला कधी कळलंच नाही.

बाकी आमचं छान जमलं. मी धापा टाकत का होईना, त्याला पास केलं. मग त्याने गावातच एक खोली घेऊन सातबारा काढून देणं, पीकविम्याचे, दहावीचे फॉर्म भरणं सुरू केलं. माणसं बाकावर बसून माझं उघडणं बघत राहायची. "लई येळ लावतंय तुझं जनावर," असं म्हणायची. चहाचे थेंब, टोमॅटोच्या मातीने भरलेली बोटं, सगळं अंगावर घेतलं. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात धर्माजी गेले.

त्यानंतर घरात एक निराळीच खंत सुरू झाली. फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. फोनवर "हां, बोल" म्हणून लगेच ठेवून देणारा माणूस. लग्नाच्या कॅसेटवर नुसता बँड. सुदर्शनला मात्र आवाजापेक्षाही एक गोष्ट टोचत होती. हौश्या विकून त्याला मी मिळालो, त्याचं आबांना वाईट वाटलं होतं का? त्याने विचारलं होतं, त्यांनी उत्तरही दिलं होतं, आणि त्याला ते आठवत नव्हतं.

एका दुपारी त्याने तो जुना व्हिडिओ शोधून साळुबाईंना दाखवला. "आई, आवाज नाही बरं ह्याला." साळुबाई मांडी घालून माझ्यासमोर बसल्या. धर्माजी पडद्यावर आले आणि साळुबाई ओठांकडे बघून सांगू लागल्या. "बघ, दात लई हायेत म्हनत्यात. आता आंग गरम हाय म्हनलं." सगळं बरोबर सांगितलं. मग प्रश्न आला, धर्माजींनी तोंड वळवलं, आणि साळुबाई पडद्याच्या आणखी जवळ वाकल्या.

"हितं दिसंना रं," एवढंच म्हणाल्या.

अंगणापलीकडच्या त्या थाळ्या कुठल्या कुठल्या आभाळातलं ऐकतात म्हणे. इथे हातभरावर माझ्या पोटात त्यांच्या माणसाचा आवाज होता आणि मला तो देता येत नव्हता. तेवढं असहाय्य मला कधी वाटलं नाही.

पुढे माझी बिजागरी तुटली, पडद्यावर रेघा आल्या. सुदर्शनने नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. तहरीम जुना घेऊन नवा देते, म्हणून आज आम्ही जुन्नरला आलो. साळुबाईही आल्या. "जनावर देताना घरचं मानूस पायजे," असं त्यांचं म्हणणं.

तहरीमने माझ्यातलं सगळं सामान नव्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. नीट उतरलंय ना, हे पाहायला तिने सहज एक व्हिडिओ उघडला. आणि दुकानात खणखणीत आवाज घुमला.

"राम राम मंडळी..."

सुदर्शन पुढे सरसावला. "ह्याला... ह्याला आवाज नव्हता."

"आवाज आहे की दादा," तहरीम म्हणाली. "तुमच्या जुन्याचा स्पीकर गेलेला असेल."

मग धर्माजी बोलले. "दात लई हायेत राव ह्याला." साळुबाईंनी चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. धर्माजी बाहेरून आले की त्या तसाच ओढायच्या. सुदर्शन स्टुलावर बसला. धापा झाल्या, वायर झाली, टॉवेल झाला, प्रश्न आला. धर्माजींनी तोंड वळवलं.

"बरं-वाईट कशाला लावतो? हौश्या माझा व्हता, ह्यो तुजा हाय. त्यानं मला जगीवलं, ह्यो तुला जगवंल. कामाचं जनावर नुसतं बांधून ठिवू नये, म्हनून हौश्याला दिला. वाईट वाटलं, न्हाई कसं? पन दावं घरी ठिवलंय न्हवं. तू बी कधी ह्याला इकलास तर दावं तेवढं घरी ठिव. मंग दावन मोकळी ऱ्हात न्हाई."

सुदर्शन ओंजळीत तोंड घालून रडला. साळुबाई म्हणाल्या, "पुन्यांदा लाव गं बाई." तहरीमने पुन्हा लावलं, आणि मग आणखी एकदा.

माझा देह अजून कामाचा आहे. बटणं, आतले भाग दुसऱ्या कोणाला लागतील, असं तहरीम म्हणाली. सुदर्शनने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "राहू द्या इथे. कामाला येऊ द्या." साळुबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि मला कोरडंच बोट लावलं. "आता पानी नगं," त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

तहरीमने विचारलं, "आणि ह्याचा चार्जर, दादा?"

सुदर्शनने माझ्या अंगातून चार्जर हळूच सोडवला, वेटोळं केलं आणि छातीशी धरलं. "तो द्यायचा नाही," तो म्हणाला. "तो घरी न्यायचाय."

ते खोडदला पोचलेही असतील. ओसरीच्या खुंटीला हौश्याचं दावं आहे, आज त्याच्या शेजारी माझंही लागलं असेल. वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात एखादं मुकं यंत्र पडलं असेल तर टाकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकून घे. माझी बॅटरी आता संपत आली. पडदा अंधारतोय. पण हौश्याच्या शेजारची जागा मिळाली, स्वस्तातल्या लॅपटॉपला याहून काय हवं?