मालनबाईची खिडकी

त्रिंबकच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, पण गाठ पुरती निघाली नाही आणि त्याला डावीकडचं दिसेनासं झालं. या दुखण्याची गंमत अशी, की नजर गेलीय हे ज्याची जाते त्यालाच कळत नाही. जाफराबादच्या माझ्या दवाखान्यात मी त्याच्यासमोर बोटं नाचवून दाखवली, घसा कोरडा करून सांगितलं, बाबा रे, गाडी बंद. पण जाफराबाद-भोकरदन वडापची काळीपिवळी जीप हाच त्याचा जीव.

"मॅडम, आंधळा असतो तर दिवाळीपासून गाडी चालून राह्यली ती कशी? साधा ओरखडा न्हाई. एकदा बसून बघा."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाली उतरवायचंच म्हणून स्टँडवर गेले. जीप गच्च भरली होती, इंजिन सुरू होतं. मी नसते बसले तरी ती जाणारच होती.

पुढे खिडकीशी बसायला गेले तर मागच्या बाया एकदम म्हणाल्या, "ती मालनबाईची सीट हाय."

मालनबाई म्हणजे भोकरदनला भाजी विकणारी म्हातारी. मला मधे चेपून ती खिडकीशी बसली, आणि गाडी सुटली तशी तिची टकळीही सुटली.

"अगंबाई, शेळ्या निघाल्या रस्त्यावर. अन् हा फटफटीवाला कुठं घुसून राह्यला?"

"मावशीचं तोंड भोकरदनपस्तोर मिटत न्हाई," त्रिंबक हसून म्हणाला. मीही हसले. गाडी मात्र तो झकास चालवत होता. मला माझ्याच तपासणीची शंका यायला लागली.

मग मालनबाईला ठसका लागला. लगेच मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, डाव्या अंगाला कापसाची गाडी उभी हाय." पाठोपाठ एक मास्तर म्हणाले, "पुढं सायकल." मालनबाई पाणी पिऊन पुन्हा सुरू झाली आणि मागचे गप्प बसले. मी वळून पाहिलं. एवढ्या गर्दीत एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. सगळे डावीकडे बघत होते.

"गाडी कडेला घे," मी म्हणाले. आवाज चढलाच होता.

जीप थांबली. डावीकडे बॉनेटच्या कोपऱ्याशी एक म्हैस उभी होती.

"समोर बघ. मान वळवू नकोस. डावीकडे काय आहे?"

"काय न्हाई. मोकळा रस्ता."

मालनबाईनं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"आता वळव मान."

त्रिंबकनं मान वळवली. बराच वेळ तो म्हशीकडे बघत राहिला. मग मागे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा आपापल्या पिशव्यांत गेल्या.

"तुम्हाला ठाव व्हतं?"

मग मीच सुटले. रस्त्यावर शाळेची पोरं असतात, त्यांचा जीव काय तुमच्या तोंडावर टांगून ठेवायचा? ठसका आणखी थोडा लांबला असता तर? मालनबाईनं सगळं खाली मान घालून ऐकलं. माझं म्हणणं बरोबरच होतं. तरी माझे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही मला राग येत होता.

त्रिंबकचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "मावशी, भेव न्हाई वाटलं? उतरून एस्टीनं जायचं व्हतं."

"रोजच वाटायचं," मालनबाई म्हणाली. "पण आम्ही उतरलो असतो, तर तू एकटाच गेला असता."

त्रिंबकनं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्यावरून हात लांबवून मालनबाईच्या हातात ठेवली.

"घ्या मावशी," तो म्हणाला. "चालवत तर तुम्हीच व्हत्या."