मेणातला सिद्धम्मांचा तुकडा

त्या दिवशी मुरुम गावचा आठवडी बाजार होता. महालिंगप्पांनी कपाळाला विभूती लावली, मला रुमालात गुंडाळलं आणि खुरपं हातात घेतलं. तेवढ्यात घरात त्यांच्या मुलीचा, गायत्रीचा, मोबाईल वाजला.

मी मेणाचा एक ठोकळा, आगपेटीहून लहान. माझ्या पोटात महालिंगप्पांच्या बायकोच्या, सिद्धम्मांच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा आहे. सोलापूरच्या दवाखान्यात तो काढला आणि टिकावा म्हणून मेणात बसवला. माझ्या पातळ चकत्या काचेवर ठेवून पाहिल्या, तेव्हा कॅन्सर कळला. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे 'गाठ' म्हणत.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला लागेल म्हणून मला घरी दिलं. सिद्धम्मा गेल्या, मी उरलो. पत्रा तापला की मी वितळेन, म्हणून महालिंगप्पा मला माठाच्या सावलीत ठेवत.

यांच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, अख्ख्या देहानं. बायकोचा एक तुकडा वर राहिला, हे महालिंगप्पांना सलत होतं. वर्ष भरलं, म्हणून आज ते मला समाधीत पुरायला निघाले होते.

"अप्पा, थांबा," फोन ठेवून गायत्री म्हणाली. "दवाखान्यातून आईचा ठोकळा मागायलेत."

"वर्षानं आठवण झाली व्हय?"

"असली गाठ लई कमी लोकांना होती. तपासायला नमुनेच न्हायत त्यांच्याकडं. गाठीच्या जनुकांत काय बदल झालाय ते बघायचंय."

"अजून किती चकत्या करतेत? सुपारी हाय का ती?"

"तो बदल आईला जन्मापासून असंल, तर माझ्यातबी असू शकतो, अप्पा."

महालिंगप्पा उंबऱ्यावर बसले. खुरपं खाली ठेवून म्हणाले, "उरलंसुरलं परत द्या म्हणावं."

नमुने भरपूर असले की एखादी चकती वाया गेलेली चालते. दवाखान्यात मोजकेच होते. मला कापणारी बाई श्वास रोखून कापत होती. गाठीत एक बदल सापडला. तो गाठीपुरता आहे की मूळचा, हे कळायला माझ्या कडेचं निरोगी मांसही तपासलं. तिथंही तोच बदल निघाला. म्हणजे सिद्धम्मा तो घेऊनच जन्मल्या होत्या.

"एवढ्याशा नमुन्यांवरून फार ठाम बोलता येत नाही," डॉक्टर गायत्रीला म्हणाले, "पण तुम्ही रक्त तपासून घ्या."

मी परतलो तेव्हा माझ्यात मेणच जास्त होतं. महालिंगप्पांनी मला समाधीच्या मातीत ठेवलं, वर बेलाचं पान ठेवलं. माझं काम झालं, मी निवांत आहे.

दर सोमवारी बापलेक इथं येतात.

"मला अडवून ठोकळा नेलास. आता तुजं रक्त कवा?" महालिंगप्पा विचारतात.

"जाते की. माझ्या शाळेतल्या पोरांच्या परीक्षा होऊ द्या."

परीक्षा झाल्या. मग घरातलं एक लग्न निघालं, तेही झालं. मला हात असते तर धरून तिला सोलापूरच्या एसटीत बसवलं असतं. माणसं दुसऱ्यासाठी भांडतात तेवढी स्वतःसाठी भांडत नाहीत.

गायत्रीनं अजून रक्त दिलेलं नाही.